दाबलं तर चालतं का?

गाडी मागायला फोन आला की मी आधी वजन विचारत नाही. “माल दाबला तर चालतो का?” असं विचारतो. जालना एमआयडीसीतली जुनी गिऱ्हाइकं हसतात आणि म्हणतात, “साळवे, लोखंड हाय हो. तुमच्यानं दबत असंल तर दाबा.” नव्यांना वाटतं, ह्या माणसाचं डोकं फिरलेलं दिसतंय. तरी मी विचारतो. हा प्रश्न मी कोणा शहाण्याकडून घेतलेला नाही. एका बाईचा माल माझ्या हातानं खराब झाला तेव्हा तो मला सुचला, म्हणजे विचारायला हवा होता त्यानंतर एक अख्खा दिवस उलटल्यावर.

धंदा आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही तो अजून कळलेला नाही. लग्नाकार्यात तो माझी ओळख “ह्यांचे टेम्पो आहेत” अशी करून देतो. टेम्पो पुष्कळांचे आहेत. आमचं काम अर्जंट मालाचं. रोलिंग मिलमध्ये भट्टी पेटलेली असते, लालभडक सळई रोलांमधून धावत असते आणि अचानक एखादं कपलिंग तुटतं. मिल उभी राहते. माणसं हात बांधून बसतात, भट्टी मात्र जळतच असते. नवं कपलिंग वाळूजला किंवा पुण्याला तयार असतं, पण रोजच्या ट्रान्सपोर्टनं यायला त्याला दोन दिवस लागतात. अशा वेळी त्या एका कपलिंगसाठी आख्खी गाडी लावायची आणि ते थेट मिलच्या दारात आणून टाकायचं, हा आमचा धंदा. बियाणे कंपन्यांचंही तसंच. पेरणीच्या तोंडावर एखाद्या गावात एखादं वाण संपलं की दुकानदार फोनवर रडकुंडीला येतो आणि आम्ही निघतो.

गाडी चालवणं हा ह्यातला सोपा भाग. कोणती गाडी लावायची हे ठरवणं अवघड. माझ्याकडे तेव्हा तीन होत्या. एक बंद व्हॅन, मागची सीटं काढलेली, चहूबाजूंनी पत्रा. एक छोटा हाथी, सात फुटी उघडा हौदा. आणि एक पिकअप, तिचा हौदा नऊ फुटी. ह्याहून मोठी लागली तर दुसऱ्याची मागून लावायची. लोक म्हणतात, मोठीच लावत जा, प्रश्न मिटला. तसा तो मिटत नाही. मोठ्या हौद्यात थोडा माल असला की तो खड्ड्याखड्ड्याला नाचतो. गावातल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही. येताना ती रिकामी येते आणि त्याचं डिझेल कोणीतरी सोसायचं असतं. लहान लावावी तर माल बाहेर राहतो आणि गिऱ्हाईक हौद्याकडे न बघता आपल्याकडे बघतं. नेमकी गाडी सापडली पाहिजे, तीही फोनवर, माल न बघता.

मी ह्यात आलो तो वजनकाट्यावरून. चौदा वर्षं एका रोलिंग मिलच्या काट्यावर बसलो. ट्रक आत येताना रिकामा तोलायचा, जाताना भरलेला तोलायचा, वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. काट्याच्या खिडकीतून रोज बघत राहिलं की सगळं टनात दिसायला लागतं. बायको म्हणायची, ह्यांना लेकीसाठी स्थळ सांगा, हे आधी पोराचं वजन विचारतील. पुढे मिल बंद पडली, काटा सुटला, मी व्हॅन घेतली. डोक्यातला काटा मात्र तसाच राहिला. माझ्या लेखी माल दोनच जातींचा, हलका आणि जड.

माझ्या पिकअपवर इसाकभाई होते, माझ्याहून वयानं मोठे आणि गाडीच्या बाबतीत माझ्याहून कितीतरी शहाणे. एकदा मी त्यांना एक शाफ्ट आणायला पाठवलं. वजन विचारून घेतलं होतं, लांबी विचारलीच नव्हती. शाफ्ट साडेतेरा फूट निघाला. तिथून त्यांचा फोन आला.

“साळवेसाब, वजन बिलकुल बराबर हाय. लंबाई पूछी क्या?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नई पूछी ना. मंग आता असं करा, तुमचा काटा आडवा करून बघा, लंबाई मोजतो का.”

शेवटी दुसऱ्याची मोठी गाडी मागवावी लागली आणि मिल तीन तास जास्त बंद राहिली. मिलमालकांनी मला जे सुनावलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

उलटंही व्हायचं. परतूरकडच्या एका गुरुजींच्या शाळेला कोणीतरी पुस्तकं भेट दिली होती. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं उद्घाटन, पाहुणे ठरलेले आणि पुस्तकं जालन्यातच. “काही न्हाई हो, कागदच तर हाय,” असं गुरुजी म्हणाले म्हणून मी व्हॅन नेली. पुस्तकं भरली तशी व्हॅन मागून बसत गेली आणि पुढून उठत गेली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले. सगळा रस्ता मी वीसच्या वेगानं गेलो. गुरुजी उतरवून घेताना कौतुकानं म्हणाले, “ज्ञानाला वजन असतं, साळवे.” मी म्हटलं, “गुरुजी, ते फोनवर सांगत चला.”

एका स्टोअरकीपरनं टिफिनच्या डब्यात मावेल एवढ्या बेअरिंगसाठी पिकअपच पाहिजे म्हणून हट्ट धरला. आदल्या महिन्यात लहान गाडी सांगितली म्हणून त्याला साहेबांची बोलणी बसली होती. इसाकभाईंनी ते बेअरिंग शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला सीटबेल्ट बांधला आणि मागे नऊ फुटी रिकामा हौदा खडखडवत पुण्याहून घेऊन आले. आता लोक व्हॉट्सअॅपवर मालाचा फोटो पाठवतात. फोटोत सुपारी आणि नारळ सारखेच दिसतात, म्हणून मी सांगतो, मालाशेजारी माणूस उभा करा. एका मिलचे मॅनेजर मोटरीवर हात ठेवून स्वतःच उभे राहिले. त्यांच्या मागे मोटर फारशी दिसतच नव्हती.

ह्या धंद्यात एक शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो: ‘बसतंय’. आपल्याकडे गाडी भरताना ‘भरली’ असं कोणी म्हणत नाही. काळीपिवळीत पंधरावा माणूस चढला तरी बसतंय. कपाट दारात अडकलं तरी, तिरपं करा, बसतंय. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो, कारण माझा सगळा जन्म लोखंडात गेला. लोखंड दाबून बसवलं तर लोखंडाचं काही बिघडत नाही.

कुंभार पिंपळगावच्या जवळच्या एका वस्तीवरून सुरेखा काळे नावाच्या बाईंचा फोन आला तो मार्चच्या सुरुवातीला.

“साळवे काका, कोष न्यायचेत जालन्याला. रेशीम बाजारात. उद्याच.”

“किती किलो?”

“पावणेदोनशे.”

पावणेदोनशे किलो म्हणजे माझ्या हिशोबानं दोन धष्टपुष्ट माणसं आणि त्यांचं सामान. “व्हॅन लावतो,” मी म्हणालो.

“मावंल का त्याच्यात? हलके राहत्यात, पण जागा लई घेत्यात.”

“बसतंय की, ताई.”

कोष म्हणजे काय हे मला धड ठाऊक नव्हतं, तरी मी हे बोललो. रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खातात, तीन-चार आठवड्यांत बोटाएवढ्या होतात आणि मग स्वतःभोवती धागा गुंडाळून घेतात. तो कोष. आत अळी जिवंत असते. थोड्या दिवसांत तिचा पतंग होतो आणि तो कोष फोडून बाहेर येतो. फुटलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही, म्हणून कोष तयार झाले की लगेच बाजार गाठायचा. आत जीव असल्यामुळे कोषांचा ढीग आपोआप तापतो. त्याला वारा लागतो. दबला तर आतला जीव चिरडतो आणि त्याचा तपकिरी डाग वर उमटतो. डागी कोषाला बाजारात कोणी विचारत नाही. आसपासचे शेतकरी मिळून एक गाडी करतात, पण त्यांचे कोष चार दिवस आधीच जाऊन आले होते. सुरेखाताईंच्या अळ्या उशिरा तयार झाल्या, म्हणून त्यांना एकटीला गाडी लागत होती. हे सगळं मला नंतर समजलं.

इसाकभाई पिकअप घेऊन पुण्याला गेले होते, छोटा हाथी दुसऱ्या कामावर होता. व्हॅन मीच नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचलो. सुरेखाताई तिशीच्या, बोलायला मऊ. नवरा जालन्यात बियाणे कंपनीत कामाला, तो आठवड्यानं घरी येणारा. घरी सासरे, बापूराव. सत्तरीचे, काटक. मळणीयंत्राच्या धडधडीत उमर गेल्यामुळे कानांनी अधू झालेले आणि त्यामुळे दुसऱ्यांशीही मोठ्यानं बोलणारे. मी पिशव्या बघत होतो तेवढ्यात त्यांनी मला सगळी कहाणी सुनेसमोरच ऐकवली.

“एक एकर चांगलं रान हिनं किड्यांना चारलं. पहिल्या खेपेला किडे मेले. दुसऱ्या खेपेला अर्धेच कोष झाले. आता ही तिसरी. बाजारात शेजारच्या ढिगाबराबर भाव लागला तर ठीक, न्हाई तर ट्रॅक्टर आणून तुती मोडायची. ठरलंय आमचं. विचारा हिला.”

“ठरलंय,” सुरेखाताई म्हणाल्या.

बापूराव चहा सांगायला आत गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “काका, तुती वर्षभर जपावी लागती, मंग पंधरा वर्षं चालती. एकदा मोडली की मला परत कोण लावू देईल?”

चौदा पिशव्या होत्या, जाळीच्या, फुगलेल्या. एकेक पिशवी उचलायला एक हात पुरे, एवढी हलकी. दहा सहज गेल्या. अकरावी आणि बारावी वर आडवी घातली. दोन राहिल्या. त्या बसवायला आधीच्या काढल्या, पुन्हा रचल्या, पुन्हा काढल्या. ह्यात नऊ वाजले आणि ऊन अंगणात आलं.

“काका, खालच्या दबून राह्यल्या,” सुरेखाताई म्हणाल्या. “ह्या दोन ऱ्हाऊ द्या. मी दुसरी गाडी बघते.”

“बसतंय, ताई.”

बापूरावांना ओठांवरून तो शब्द कळला असावा. “बसतंय की,” तेही म्हणाले. “चला आता.”

मी शेवटच्या दोन पिशव्या आत ढकलल्या, त्यांना गुडघा लावला आणि सरकतं दार ओढून घेतलं. गाडीची निवड चुकली हे मला त्याच वेळी कळलं होतं, हे आज लिहून टाकतो. पण फोनवर मोठ्या तोऱ्यात व्हॅन सांगून बसलो होतो, दोन तास भरण्यात घालवले होते, आणि चौदा वर्षं काट्यावर बसलेल्या माणसानं पावणेदोनशे किलोला गाडी पुरली नाही म्हणून कसं सांगायचं, असं वाटलं. एवढ्याशा अहंकारासाठी मी तो गुडघा लावला.

तीर्थपुरीच्या अलीकडे अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. दोन्हीकडे रांगा. “पाच मिनटांत निघतंय,” मी म्हणालो. अर्धा तास गेला. पुढच्या सीटवर आम्ही तिघे घामाघूम झालो होतो आणि मागे पत्र्याच्या डब्यात त्या चौदा पिशव्या.

सुरेखाताईंनी मागे हात घातला आणि काढून घेतला. “काका, आत भट्टी झालीय. दार उघडा.”

“उघडलं तर पिशव्या बाहेर येतील, ताई. परत बसायच्या न्हाईत.”

त्या उतरल्या, दार त्यांनीच सरकवलं आणि पिशव्या बाहेर ओसंडल्या. दोन हातांत दोन घेऊन त्या रस्त्याकडेच्या लिंबाखाली गेल्या, सावलीत ठेवून परत आल्या. तीन फेऱ्या झाल्यावर मी उतरलो. बापूराव सीटवर बसून बघत राहिले.

लिंबाखाली उभं राहून मी इसाकभाईंना फोन लावला. ते पुण्यात होते, तिथून करण्यासारखं काही नव्हतं, पण मला कोणाला तरी सांगायचं होतं. माल कोणता ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“अरे साळवेसाब,” ते म्हणाले, “वो तो जिंदा रहता है ना.”

आणि त्यांनी फोन ठेवला. एरवी त्यांनी माझी फिरकी घेतली असती.

रस्ता मोकळा झाला तेव्हा रांगेतल्या एका रिकाम्या टेम्पोवाल्याला हात जोडून मी सहा पिशव्या त्याच्या उघड्या हौद्यात दिल्या आणि त्याला आमच्या मागे यायला सांगितलं. व्हॅनचं दार दोरीनं अर्धं उघडं बांधलं. आता पिशव्या सुट्या होत्या, मधून वारा जात होता. हे सकाळी सातला करता आलं असतं, एवढंच मनात घोळत होतं.

बाजारात पोचायला पावणेबारा झाले. सुरेखाताईंनी एकेक पिशवी उघडली. दहा चांगल्या निघाल्या. चार, म्हणजे अगदी तळाच्या दोन आणि मी गुडघा लावलेल्या दोन, उघडल्याबरोबर हाताला वाफ लागली आणि कुबट वास आला. पांढऱ्या कोषांवर जागोजाग तपकिरी ओल फुटली होती. शेजारच्या ढिगावरचा शेतकरी डोकावला आणि मागे सरला. बाजारातल्या कारकुनानं बघून सांगितलं, असा मिसळलेला माल लावला तर सगळ्यालाच डागी मालाचा भाव लागेल. तीन वाजता पुन्हा बोली आहे, तोवर निवडून आणा.

मी बापूरावांच्या कानाशी गेलो आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, म्हणजे ते आख्ख्या बाजाराला ऐकू गेलं, “बापू, चूक माझी हाय. गाडी लहान आणली. ताईंनी सांगितल्तं, मीच ऐकलं न्हाई.”

“मीबी बसतंय म्हणल्तो,” ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

सुरेखाताईंनी पदर खोचला, ताडपत्री अंथरली, चार पिशव्या तिच्यावर ओतल्या. मीही मांडी घालून बसलो. डाग दिसला की बाजूला, हे सोपं होतं. अवघड होते ते वरून पांढरे दिसणारे. त्यांनी मला शिकवलं: कोष कानाशी धरायचा आणि हलवायचा. आतला जीव शाबूत असला तर तो सुटा असतो, आतल्या आत आपटल्याचा बारीक आवाज येतो. मेला असला तर आत चिकटून बसतो, काहीच वाजत नाही. जन्मभर ट्रक तोललेला मी, दोन ग्रॅमचा तो जिन्नस कानाशी धरून ऐकत बसलो होतो. वाजला की हायसं वाटायचं. न वाजणारा प्रत्येक कोष मी मोजायला लागलो आणि शंभरापुढे मोजणं सोडून दिलं. मघाचा शेजारचा शेतकरी आपला माल लावून आला आणि न सांगता आमच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसून निवडायला लागला.

बापूराव दोनदा चहा पिऊन आले. तिसऱ्यांदा आले ते आमच्यात बसले. एक कोष उचलून त्यांनी कानाशी नेला, हलवला आणि डागी ढिगात टाकला. सुरेखाताईंनी तो उचलून गुपचूप चांगल्यात ठेवला. दुसराही त्यांनी तसाच टाकला, तोही ताईंनी परत घेतला. तिसऱ्या वेळी बापूरावांच्या ते लक्षात आलं. त्यांच्या कानाला सगळेच कोष मेलेले होते.

मग त्यांनी कोष कानाऐवजी दोन बोटांत धरला, अगदी अलगद, आणि डोळे मिटून इकडून तिकडे कलता केला.

“हलतंय,” ते म्हणाले.

त्यांनी दुसरा घेतला. कलता केला. “ह्याच्यात न्हाई.” तिसरा. “ह्याच्यात हाय.”

सुरेखाताईंनी ते तिन्ही आपल्या कानाशी धरून पाहिले आणि मान हलवली. तिन्ही बराबर होते. पुढच्या तासाभरात म्हाताऱ्यानं मला मागे टाकलं. पन्नास वर्षं कापूस वेचलेली ती बोटं, त्यांना जे कळत होतं ते माझ्या कानाला दोन-दोनदा हलवून कळत होतं. मध्येच त्यांनी एक कोष तळहातावर घेतला आणि सुनेला विचारलं, “आत काय करती गं ही?”

“झोपलीय, मामा,” त्या जोरात म्हणाल्या. “रूप बदलून राह्यली.”

“किती दिस?”

“थोडेच.”

त्यांनी तो चांगल्या ढिगात ठेवला. बाकीचे ते टाकत होते, हा त्यांनी ठेवला, हे मला चांगलं आठवतं.

तीनला माल लागला. व्यापाऱ्यानं मूठभर कोष उचलले, कानाशी हलवले, एक पात्यानं कापून आतला जीव पाहिला, पुन्हा ढिगात खोल हात घालून मूठ काढली. सुरेखाताई त्याच्या हाताकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. भाव शेजारच्या ढिगाएवढाच लागला, पैशाचाही फरक नाही. पण दीड पिशवीच्यावर माल डागी निघाला होता. तो वेगळा गेला, जवळजवळ फुकटच. शेजारच्याच्या बराबर भाव लागला म्हणून अट पुरी झाली, की माल घटला म्हणून मोडली, हे एकट्या बापूरावांना ठाऊक होतं, आणि त्यांना विचारायची आमच्या दोघांत कोणाची हिंमत नव्हती.

मी त्यांना परत सोडायला निघालो. भाडं घेण्याचा प्रश्न नव्हता. त्या टेम्पोवाल्याचंही मीच दिलं. ताईंनी नको नको केलं, पण तेवढं मला करू द्या म्हणालो. सुरेखाताईंनी रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालून मांडीवर घेतल्या होत्या, त्या सुटायच्या आणि ताई पुन्हा घालायच्या. ह्या बाईनं वर्षभर जपलेलं रान उद्या ट्रॅक्टरखाली गेलं तर ते माझ्यामुळे जाईल, हे मला दिसत होतं. नंतर कित्येकदा मी चुकीच्या गाड्या लावल्या असतील, माल बाहेर राहिला असेल, शिव्या खाल्ल्या असतील, पण त्या साठ-सत्तर किलोमीटरसारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रस्त्याला लागूनच तुतीचं रान. सगळा पाला अळ्यांना घातलेला, त्यामुळे नुसते बोडके खुंट ओळीनं उभे होते. सुरेखाताई उतरल्या आणि पिशव्या घेऊन घराकडे चालू लागल्या. बापूराव उतरून बांधावर गेले. एका खुंटाजवळ वाकले, त्याच्यावर आलेला कोंब दोन बोटांत धरून बघितला. मग सावकाश माझ्या खिडकीशी आले.

“साळवे,” ते म्हणाले. दिवसभरात त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. “पुढल्या टायमाला ही डबी आणू नका. उघडी गाडी लावा, मोठी. आन् ऊन व्हायच्या आत या.”

आवाज नेहमीसारखाच मोठा. सुरेखाताई घराच्या दारापर्यंत पोचल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या आणि वळल्या.

“मामा,” ऐकू जावं म्हणून त्यांनी तिथूनच मोठ्यानं विचारलं, “गाडी कशाला?”

“कोषाला,” बापूराव म्हणाले. “दुसरं काय लावलंय आपण रानात?”